वही तिच्या हातात, साहित्य दुसऱ्याच्या

पत्राचा सारांश: पणजीजवळच्या ताळगावात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. विज्ञानात गुण चांगले मिळतात. शाळेत दर शनिवारी विज्ञान मंडळ भरतं, त्यात ती हौसेनं गेली आणि थोड्याच महिन्यांत "मला नाही जायचं, मुलगेच करतात सगळं" म्हणून तिनं ते सोडलं. धाकटा भाऊ नऊ वर्षांचा, दिसेल ती वस्तू उघडून बघणारा. वडील म्हणतात, आवड नसेल तर ओढाताण नको, आणि करायचंच असेल तर सरळ रोबोटिक्सच्या क्लासला घालू. त्याची वर्षाची फी २२,००० रुपये. आजी मूळच्या उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या. नातीनं उन्हात फिरणं, चिखलात हात घालणं त्यांना पसंत नाही. आते पुण्यात असते. आई स्वतः कॉमर्सची पदवीधर आणि बँकेत नोकरीला. ती विचारते, "मला विज्ञान येत नाही. फी भरून क्लासला पाठवू, की हिला त्यात गोडी नाही असं समजून विषय सोडून देऊ?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं मुलीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "मुलगेच करतात सगळं." तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी त्याचा अर्थ 'हिला गोडी नाही' असा लावला आहे. मला त्यात तक्रार ऐकू येते, आणि ती अगदी नेमकी आहे. मुलीला काय करावंसं वाटतं हे तिनं सांगितलंच आहे. 'ते करायला मिळत नाही' हे तिचं दुःख आहे. गोडी नसलेलं मूल "कंटाळा येतो" म्हणतं. ते दुसऱ्याच्या हाताकडे बोट दाखवत नाही.

आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा: मंडळात तुमच्या गटाचा प्रयोग चालायचा तेव्हा तुझ्या हातात काय असायचं? माझा अंदाज आहे, वही आणि पेन. तिचं अक्षर चांगलं असणार, टापटीप असणार, म्हणून निरीक्षणं लिहायचं काम तिच्याकडे आलं असणार. बॅटरी, तारा, चिमटा, भिंग ज्यानं आधी उचललं त्याच्याकडे गेलं. कोणी तिला मुद्दाम डावललं नसेल, शिक्षकांनी कौतुकच केलं असेल. पण तासभर दुसऱ्यानं केलेलं लिहून घेणं म्हणजे प्रयोग नव्हे.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना मला हे सतत दिसतं. मॉडेलपुढे मुलगी उभी असते आणि ती सुंदर समजावून सांगते, बहुधा मराठीत आणि इंग्रजीतही. मग मी विचारते, "ही तार कोणी जोडली? दिवा पहिल्यांदा पेटला नाही तेव्हा काय केलंत?" ती शेजारच्या मुलाकडे बघते, नाहीतर मागे उभ्या असलेल्या बाबांकडे. मला तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्या मुलीची बुद्धी तिच्या बोलण्यातून लख्ख दिसत असते. तिला सगळं कळलेलं असतं, पण दिवा न पेटल्यावर काय करायचं हे शोधण्याची संधी मात्र तिला कोणी दिलेली नसते. ते पुस्तकात सापडत नाही. तार सैल आहे का, सेल उलटा बसला आहे का, स्विचला गंज आहे का, हे बोटांनी चाचपूनच कळतं. असं चाचपायची सवय लागलेलं मूल पुढच्या वेळी बिघडलेल्या वस्तूला बिचकत नाही.

आता थोडं तुमच्या घरात डोकावते, रागावू नका. मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत की त्यानं टीव्हीचा रिमोट उघडला, घड्याळ उघडलं, एक खेळण्यातली मोटार कायमची मोडली. शब्दांत कौतुक आहे. मुलीबद्दल लिहिलंत की तिचं कपाट कधी आवरायला लागत नाही. तिथेही कौतुकच आहे. पण दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. घरात एकाला वस्तू मोडायची मुभा आहे आणि दुसरीला ती नीट ठेवल्याबद्दल शाबासकी आहे. शनिवारच्या मंडळात जे झालं त्याची सवय दोन्ही बाजूंच्या मुलांना घरातूनच लागते, तुमच्या घरातून आणि बाकीच्या सगळ्यांच्या घरांतूनही.

म्हणून क्लासच्या निर्णयाआधी घरातल्या काही गोष्टी हलवूया.

सुरुवात तुमच्यापासून. "मला विज्ञान येत नाही" असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही बँकेत काम करता. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर चूक कुठे आहे ते सापडेपर्यंत तुम्ही उठत नसणार. मोजायचं, नोंदायचं, ताडून बघायचं आणि फरक आला तर त्याच्या मागे लागायचं, प्रयोग करणाऱ्याला याहून फार वेगळं काही करावं लागत नाही. सूत्रं तिच्या पुस्तकात आहेत, ती तुम्हाला यायला नकोत.

पाऊस लागलाच आहे, तर पर्जन्यमापक करा. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग मुलीलाच कापू द्या आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायला सांगा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडे खडे आणि पाणी घालून पातळी सरळ करायची आणि तिथे शून्याची खूण करायची. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. गच्चीवर, भिंतीपासून दूर ठेवायची. हवामान खात्यात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा रोज त्याच वेळी वाचन घ्यायचं. हवामान खात्याचं पणजीतलं केंद्र आल्तिनोच्या टेकडीवर आहे आणि त्यांचा पणजीचा आकडा वर्तमानपत्रात येतो. तो तिच्या आकड्याशेजारी लिहा.

दोन्ही आकडे जुळणार नाहीत, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. ताळगावात खरंच कमी पडला की आपली बाटली कलली? वाऱ्यानं थेंब तिरके गेले का? शेजारच्या पाण्याच्या टाकीचा आडोसा झाला का? एकदा ती बाटलीची जागा बदलेल, मग दोन बाटल्या ठेवेल. पणजीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची तिला पावलांनी मोजू द्या. ३०० चौरस मीटर निघाली आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, तर ३०,००० लिटर पाणी पन्हाळीतून गटारात गेलं. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायटीच्या बैठकीत हा आकडा तिनंच उभं राहून सांगावा असं मला मनापासून वाटतं.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या अडचण म्हणून येतात. मला त्या तुमच्या घरातल्या सगळ्यात जाणकार व्यक्ती वाटतात. पेडण्यात वाढलेल्या बाईला चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या माटोळीला, गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, काय काय बांधतात, ते कुठे मिळतं, कोणत्या वेलीला कधी फळ येतं, हे पाठ असतं. माट्टी, कांगलां, कवंडळ, आंबाडे, तोरिंजं, सुपारीचे घोस. शहरातल्या मुलीला यातली निम्मी नावंही ठाऊक नसतात, आणि तिला ती सांगायचं कोणाच्या मनातही येत नाही, कारण आता माटोळीचं सामान बाजारातून पिशवीतून येतं.

यंदा चवथीच्या बाजाराला आजी आणि नात दोघींना पाठवा. मुलीनं प्रत्येक वस्तूचं आजीनं सांगितलेलं नाव लिहायचं, विकणाऱ्या बाईला ती कुठल्या गावाहून, कुठल्या झाडावरून आणली ते विचारायचं. प्रत्येकातलं एक-एक जास्तीचं घ्या, म्हणजे देवासाठी बांधलेलं काढायला नको. घरी ती जास्तीची फळं वजन करून कापू द्या. बिया किती, कशा रचल्या आहेत, पाण्यात तरंगतात का, आठवड्यानं वजन किती उतरलं.  माट्टीच्या फळाला पाच पंख असतात. एक फळ तसंच आणि एक पंख कापून गॅलरीतून सोडलं तर आधी कोणतं खाली पोचतं, हे आजीनं खाली उभं राहून बघावं. एक सांभाळा: माटोळीतली सगळीच फळं खाण्याची नसतात, काही विषारीही असतात. चव घ्यायची नाही आणि कापल्यावर हात धुवायचे, हा नियम आजीनंच घालून द्यावा. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं. त्यात शेकडो वस्तू बांधलेल्या माटोळ्या असतात, बघायला जाल तेव्हा वही घेऊन जा. ही एक जागा अशी आहे की जिथे वही तिच्या हातात असलेली मला चालेल, कारण प्रश्नही तीच विचारणार आहे.

स्वयंपाकघरातही आजींचं राज्य असू द्या. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून रंग काढायचा. त्यात लिंबू पिळलं की तो लालभडक होतो, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट होतो. मग ती घरातलं एकेक तपासत जाईल, साबण, ताक, शहाळ्याचं पाणी, सोलांचं आगळ म्हणजे कोकमाचा रस. पण आगळ स्वतःच लाल आहे, त्यात रंग बदलला हे कसं ओळखायचं? तिला अडू द्या. लगेच उत्तर सांगू नका. तुम्हाला माहीत नसेल तर उत्तमच.

तरी उन्हाचा आणि चिखलाचा प्रश्न राहतोच. "काळी पडशील" हे वाक्य आपल्याकडे मुलीला दहाव्या-अकराव्या वर्षापासून ऐकू येऊ लागतं आणि नेमकं त्याच वयात तिचं बाहेरचं जग आक्रसतं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाळी सुरू झाली की ज्या घरांत शिवाशिव मानतात तिथे महिन्यातले काही दिवस 'हात लावू नको' हेच ऐकावं लागतं. हात लावू नको असं ज्या मुलीला वारंवार सांगितलं जातं, ती प्रयोगशाळेतही पहिला हात पुढे करत नाही. सासूबाईंशी वाद घालून हे सुटेल असं मला वाटत नाही. त्यांना विचारा, त्या लहानपणी ओढ्यात, मळ्यात कशा फिरल्या, पावसात काय काय गोळा केलं. बहुतेक आज्यांचं बालपण नातींच्या बालपणापेक्षा जास्त चिखलातलं असतं. ते त्यांना आठवलं की विरोध पुष्कळ सैल होतो. डोक्याला टोपी, पायात बूट, परत आल्यावर आंघोळ, एवढ्यावर तडजोड होईल. पाळीच्या दिवसांत प्रयोग थांबणार नाही, एवढं मात्र तुम्ही आई म्हणून ठाम सांगा.

यजमानांसाठी एक काम. घरात नळ गळतो, पंख्याचा आवाज येतो, सायकलची साखळी उतरते, तेव्हा ते कोणाला हाक मारतात? पुढच्या वेळी मुलीला हाक मारू द्या. बॅटरी धरायला नव्हे, पाना धरायला. नळाचा वायसर बदलताना आधी मुख्य तोटी का बंद करायची, तोटी कुठल्या दिशेनं फिरते, हे तिला तिच्या हातांनी कळू दे. विजेच्या बाबतीत मेन स्विच बंद आणि प्लग बाहेर, याला अपवाद नाही. एखादी जुनी मोडकी वस्तू, बंद पडलेलं घड्याळ किंवा सेलवर चालणारा रेडिओ, तिला पूर्ण उघडायला द्या. ती परत जोडली गेलीच पाहिजे असा आग्रह नको. आणि धाकटा मध्ये आला तर त्याला वही द्या. त्याचं अक्षर सुधारेल.

बाहेर जाण्याच्या जागा पणजीत आहेतच. मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र तुम्हाला ठाऊक असेल. तिथे एका फेरीत सगळी दालनं उरकू नका. एकाच उपकरणापाशी अर्धा तास थांबा आणि घरी येऊन त्यातलं काहीतरी करून बघा. असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही खगोलप्रेमींची संस्था लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवत आली आहे. पाऊस संपल्यावर त्यांच्याकडे चौकशी करा. पाटो-मळ्याकडच्या खाडीलगत खारफुटीतून पायवाट आहे. तिथे तिवराचं पान उलटं करून भिंगातून बघा, कोरड्या दिवसांत मिठाचे कण दिसतात. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ सालची. तिथेच काम करणाऱ्या अदिती पंत १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या महिला. हे मुलीला जरूर सांगा, पण आपल्या घरापासून काही किलोमीटरवर त्या समुद्राचं पाणी तपासत होत्या, हेही सांगा. अशा संस्था २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला अनेकदा लोकांसाठी दारं उघडतात. आधी फोन करून विचारा.

आणि तुमच्या नणंदबाई पुण्यात असतात हे वाचून मला फार आनंद झाला. पणजी आणि पुणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे दोन्हीकडे माध्यान्ह एकाच वेळी होतो. मे महिन्यात २-३ तारखेच्या सुमाराला पणजीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपासही ते होतं, पण तेव्हा आपल्याकडे ढग. त्या मेच्या दुपारी मुलगी गच्चीवर १ मीटरची काठी उभी करील, ओळंब्यानं तपासून, आणि त्याच क्षणी आते पुण्यात तशीच काठी उभी करून सावली मोजील. ती उत्तरेकडे सुमारे ५.३ सेंटीमीटर भरेल. काठी सावलीच्या साधारण १९ पट. आता नकाशावर पणजी ते पुणे सरळ रेषेतलं अंतर मोजायचं, रस्त्याचं नव्हे. ते ३३५ किलोमीटरच्या जवळपास येतं. काठी सावलीच्या जितकी पट, तितकीच पट पृथ्वीची त्रिज्या या अंतराच्या असते. म्हणून त्याची १९ पट केली की ६,३६५ किलोमीटर, आणि पृथ्वीची त्रिज्या आहे सुमारे ६,३७०. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं हीच युक्ती वापरली होती.

पहिल्या फटक्यात एवढं अचूक येणार नाही. सावलीत अर्धा सेंटीमीटर चुकला तर उत्तर सुमारे सहाशे किलोमीटरनी हलतं. आते आणि भाची फोनवर भांडतील, काठी सरळ होती की नाही यावरून. ते भांडण होऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढंच बजावा.

शाळेकडे मात्र पाठ फिरवू नका, कारण तिच्यासारख्या आणखी मुली त्या मंडळातून गळल्या असतील. शिक्षकांना भेटा, तक्रारीच्या सुरात नको. चौघांचा गट असेल तर दोघांचा करता येईल का विचारा. ते जमत नसेल तर दर दहा मिनिटांनी कामं फिरवावीत, लिहिणाऱ्यानं जोडावं आणि जोडणाऱ्यानं लिहावं. साहित्य कमी पडत असेल तर पालक मिळून सेल, तारा, भिंगं देऊ शकतात. ते क्लासच्या एका महिन्याच्या फीपेक्षा स्वस्तात होतं. दुसऱ्या दोन-तीन मुलींच्या आयांना बरोबर घेऊन गेलात तर बरं. तुमची मुलगी एकटी परत गेली तर पुन्हा वहीच हातात येईल. दोघी-तिघी एकत्र गेल्या तर त्यांचा स्वतःचा गट होतो.

हे सगळं करूनही पुढच्या मेनंतर ती म्हणाली की मला यापेक्षा चित्रं काढायला आवडतात, तर ते ऐका. तेव्हा ते तिचं स्वतःचं, करून बघितल्यानंतरचं मत असेल.

राहिली क्लासची फी. मी त्या क्लासच्या विरोधात नाही, पण आत्ता भरू नका. ज्या कारणानं तिनं मंडळ सोडलं ते तिथेही असू शकतं आणि मग २२,००० रुपये देऊन तेच दुखणं विकत घेतल्यासारखं होईल. वर्षभरानं तिनं स्वतः मागितलं तर आधी एका तासाला तिच्याबरोबर बसा. एका संचापाठी किती मुलं आहेत, मुलींच्या हातात काय आहे, बिघडलं तर सर स्वतः दुरुस्त करतात की मुलांना करू देतात, हे बघा. मग घरी येऊन पैसे भरायचे की नाहीत ते तिला ठरवू द्या.

आणि पुण्याची सावली किती भरली ते मला जरूर कळवा.